घोट्याचं लिगामेंट फाटलं तर: ऑपरेशनच्या आधीपासून पुन्हा पायऱ्या उतरेपर्यंत

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून उतरताना ओल्या कातळावर माझा उजवा पाय आत वळला आणि घोट्यात कट्‌कन आवाज झाला. त्या दिवशी सगळेच म्हणाले, ‘मुरगळलाय, होईल बरा.’ पुढच्या दोन वर्षांत तोच पाय आणखी सहा वेळा मुरगळला. एकदा तर सराफ बाजारात, सपाट रस्त्यावर, पायाखाली साधा खडाही नसताना. शेवटी दिवाळीनंतर ऑपरेशन करून घेतलं. त्याला आता सव्वा वर्ष झालं.

दुखणं सहन झालं. पण पुढे काय होणार, घरी काय तयारी करायची, कधी घाबरायचं आणि कधी नाही, हे कुणी एका जागी बसून सांगितलं नाही, त्याचा त्रास जास्त झाला. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने याहून वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका, कारण तुमच्या घोट्यात नेमकं काय केलंय ते त्यांनाच माहीत असतं.

१. पाय मुरगळल्यावरचे पहिले तीन दिवस

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारे पट्टे, असतात. पाय आतल्या बाजूला वळला की सगळ्यात आधी पुढचं ताणलं जातं. त्याला डॉक्टर एटीएफएल म्हणतात. जोर जास्त असेल तर त्यामागचं, टाचेच्या हाडाला जोडलेलं सीएफएलही फाटतं. तिसरं, मागचं, फारच मजबूत असतं. ते क्वचितच जातं.

पहिल्या ४८ ते ७२ तासांत मालिश नको, गरम शेक नको. आमच्या सासूबाईंनी प्रेमाने आंबेहळदीचा गरम लेप तयार ठेवला होता. तो लावला आणि रात्रीपर्यंत पाय दुप्पट सुजला. थंड शेक द्या, तोही कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा, एका वेळी १५-२० मिनिटं. क्रेप बँडेज बांधा, पण बोटं निळसर पडतील इतकं आवळू नका. झोपताना पायाखाली दोन उशा घ्या.

आणि पाय ओढून ‘बसवून’ देणाऱ्याकडे जाऊ नका. आपल्याकडे ही वाट फार वापरातली आहे, मीही गेले होते. बसवायला तिथे काही निखळलेलं नसतं. फाटलेला धागा ओढला तर आणखी फाटतो.

एक्स-रे लागेल का? चार पावलंही टाकता येत नसतील, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वर हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढाच. लिगामेंट एक्स-रेमध्ये दिसत नाही. तो काढायचा तो हाड मोडलं नाही ना, हे पाहायला. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणजे पाय ठीक आहे, असा अर्थ मी लावला आणि आठव्या दिवशी स्टाफरूमचे दोन जिने चढू-उतरू लागले. माझी पहिली मोठी चूक ती.

२. ऑपरेशन लागतं का? बहुतेकांना लागत नाही

हे आधी सांगते, कारण घाबरून शोधाशोध करणाऱ्यांत बहुतेकांना व्यायामाची गरज असते, चिऱ्याची नाही. पूर्ण फाटलेलं लिगामेंटसुद्धा बऱ्याच जणांचं ब्रेस (घोट्याला बांधायचा आधारपट्टा) आणि नियमित व्यायामाने पुरेसं भरून येतं.

ऑपरेशनचा विचार सुरू होतो तो पाय वारंवार ‘निसटू’ लागला की. लिगामेंट भरतं, पण सैल भरतं, धुऊन धुऊन ढिल्या झालेल्या इलॅस्टिकसारखं. शिवाय लिगामेंट नुसती दोरी नसते. पाऊल कसं पडतंय याची खबर ते मेंदूला देत असतं. ते फाटलं की खबर उशिरा जाते आणि बाहेरचे स्नायू पाय सावरायला धावेपर्यंत तो वळलेला असतो. सपाट रस्त्यावर पाय का मुरगळतो याचं उत्तर मला इथे मिळालं.

पहिल्या ठिकाणी एमआरआयचा कागद पाहून, माझ्या घोट्याला हातही न लावता, पुढच्या मंगळवारची तारीख देण्यात आली. मी कागद घेऊन उठले. दुसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही बूट काढायला लावले, चांगला पायही तपासला. नडगी एका हातात धरून टाच पुढे ओढून पाहिली, मग घोटा आत झुकवून पाहिला. डाव्या पायात हाड जागच्या जागी थांबत होतं, उजव्यात पुढे सरकत होतं. मला स्वतःला ते जाणवलं. ही हाताने केलेली तपासणी झाल्याशिवाय कुणालाच होकार देऊ नका. एमआरआयमध्ये जुनी फाट अनेकांना दिसते, आणि त्यातले कित्येक मजेत फिरत असतात.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा. माझा त्रास दुखण्याचा आहे की पाय निसटण्याचा? (फक्त दुखत असेल तर कारण कूर्चेत, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणात, किंवा स्नायू हाडाला जोडणाऱ्या शेजारच्या स्नायुबंधात असू शकतं, आणि मग लिगामेंट शिवून दुखणं जात नाही.) घोट्याच्या हाडावरच्या कूर्चेला मार लागलाय का? माझी टाच आतल्या बाजूला कललेली आहे का? कललेली असेल आणि तिचा विचार झाला नाही, तर शिवलेल्या लिगामेंटवर रोज ताण येतो. माझे सांधे मुळातच लवचिक आहेत का? असे सांधे असणाऱ्यांना साध्या शिवणीपेक्षा वेगळी पद्धत लागू शकते.

३. आधी तीन महिने व्यायाम, मनापासून

डॉक्टर म्हणाले, ‘ताई, तीन महिने फिजिओथेरपी करा, मग बोलू.’ मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, सगळ्यात मोलाचा सल्ला तोच होता. व्यायामाने पाय सावरला तर ऑपरेशन टळतं. नाही सावरला तरी ते तीन महिने वाया जात नाहीत, कारण ऑपरेशननंतर मांडी, पोटरी आणि तोल परत मिळवण्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

माझा व्यायाम स्वयंपाकघरात होत असे. गॅसवर चहा ठेवायचा, ओट्याला दोन बोटं टेकवायची आणि उजव्या पायावर उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात दहा सेकंदांत पाऊल लटलट कापायला लागायचं, बोटं फरशी धरू बघायची. चहाला उकळी येईपर्यंत उभं राहता यायला मला पाच आठवडे लागले. मग बोटं काढून, मग डोळे मिटून. डोळे मिटल्यावर मात्र मी शेवटपर्यंत ढासळत राहिले, आणि त्याच महिन्यात पाय पुन्हा दोनदा निसटला. तेव्हा ऑपरेशनचा निर्णय झाला, आणि मनात शंका राहिली नाही.

४. ऑपरेशन म्हणजे नेमकं काय करतात

सगळ्यात रुळलेली पद्धत ब्रोस्ट्रॉम यांची. लेनार्ट ब्रोस्ट्रॉम या स्वीडिश सर्जननी ती १९६६ मध्ये मांडली. सैल झालेलं स्वतःचंच लिगामेंट आखडून हाडाला पुन्हा शिवायचं. १९८० मध्ये गूल्ड यांनी त्यात शेजारच्या पडद्यासारख्या पट्ट्याचा जोड दिला. आज ‘मॉडिफाइड ब्रोस्ट्रॉम’ म्हणतात ते हेच. शिवण हाडात रुतवायला अँकर, म्हणजे छोटे खिळ्यासारखे तुकडे, वापरतात. काही सर्जन आतच, शिवलेल्या लिगामेंटवरून, आधाराला मजबूत धाग्याची टेपही टाकतात. स्वतःचं लिगामेंट शिवण्याजोगं उरलं नसेल, तर दुसरीकडचा स्नायुबंध घेऊन नवं बनवतात. त्याआधी बऱ्याचदा दुर्बिणीतून सांध्याच्या आत पाहून घेतात.

ऑपरेशन कुठे करायचं? मुंबई किंवा पुण्याला जा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माझं मत: घोट्याच्या नेहमीच्या शिवणीसाठी नाशिक सोडू नका. मुंबई इथून १७० किलोमीटरच्या आसपास, पुणं दोनशेच्या वर. टाके पाहायला, स्लॅब (अर्धं प्लास्टर) बदलायला, चालायचा खास आधाराचा बूट घालायला जावं लागतं, आणि गाडीत पाय खाली लोंबकळत ठेवून चार-पाच तास बसलं की तो टम्म सुजतो. आधीचं ऑपरेशन फसलं असेल किंवा कूर्चेचं मोठं काम असेल, तर मात्र मोठ्या शहरातलं दुसरं मत जरूर घ्या. खासगी परवडत नसेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आणि आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय इथले अस्थिरोग विभाग आहेत.

महिना निवडता येत असेल तर पावसाळा टाळा. ओली फरशी आणि कुबड्या यांचं जमत नाही. मी नोव्हेंबर निवडला. थंडीत सकाळी घोटा आखडतो, पण ते निभावतं.

५. पैसे, विमा आणि कागदपत्रं

हॉस्पिटलकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या, आणि त्यात अँकर, टेप, दुर्बीण, भूलतज्ज्ञ, चालायचा बूट हे धरलंय का ते एकेक करून विचारा. अँकर किती लागतील यावर आकडा बराच हलतो.

विम्यात तीन सापळे आहेत. पहिला, खोलीच्या भाड्याची मर्यादा. पॉलिसीत ठरलेल्या भाड्यापेक्षा महाग खोली घेतली, तर काही पॉलिसींमध्ये फरक नुसत्या भाड्यात कापत नाहीत, डॉक्टरांच्या फीपासून बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. दुसरा, प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ज्या काळात क्लेम मिळत नाही तो. आधीपासूनच्या आजारासाठी तो आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. जुनी दुखापत त्यात मोडते का, आणि काही ठरावीक ऑपरेशनांसाठीच्या वेगळ्या यादीत लिगामेंट आहे का, हे पॉलिसीच्या कागदात वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. तिसरा, केसपेपरवरची तारीख. माझ्या एका कागदावर घाईत ‘पाच वर्षांपासून त्रास’ असं लिहिलं गेलं होतं, खरी होती दोन. ते दुरुस्त करून घ्यायला तीन फेऱ्या झाल्या. डॉक्टर लिहीत असतानाच वाचा.

कॅशलेसची पूर्वमंजुरी ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी टाकायला सांगा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. काउंटरवर ‘संध्याकाळपर्यंत थांबा’ म्हणाले तर हे नम्रपणे सांगता येतं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी आपलं ईएसआयचं (कामगार राज्य विमा योजनेचं) कार्ड विसरू नये. मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ही योजना लागू असते. सातपूरला कामगार रुग्णालय आहे. आजारपणात, हजेरीची अट पूर्ण असेल तर, वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के मिळतात. दुखापत कामावर झाली असेल तर भरपाई साधारण ९० टक्क्यांनी मिळते. मात्र अपघाताची नोंद कंपनीच्या रजिस्टरमध्ये लगेच करून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आधीच विचारा.

फाइलमध्ये ठेवायचं ते असं:

- आधार, पॅन, विम्याचं कार्ड आणि पूर्ण पॉलिसीची प्रत
- पहिल्या दुखापतीपासूनचे सगळे केसपेपर, तारखेच्या क्रमाने
- एक्स-रे, एमआरआयची फिल्म आणि सीडी (नुसता रिपोर्ट पुरत नाही)
- फिजिओथेरपीच्या पावत्या आणि हजेरीचा कागद. व्यायाम करून पाहिल्याचा हाच पुरावा
- रक्त, साखर, ईसीजी वगैरे तपासण्या आणि फिजिशियनचं फिटनेस सर्टिफिकेट
- चालू औषधांची यादी आणि कशाची ॲलर्जी असेल तर तीही
- रद्द केलेला चेक, पैसे नंतर परत मिळवायचे असतील तर
- डिस्चार्जच्या वेळी अँकरचं स्टिकर. क्लेमला लागतं, आणि पुढे कधी पायावर काही करायची वेळ आली तर आत काय आहे ते त्यावरूनच कळतं

रक्त पातळ करणारी गोळी, गर्भनिरोधक गोळ्या, मधुमेहाची औषधं यांतलं काही चालू असेल तर न लाजता सांगा. तंबाखू, सिगारेट, मिश्री, काहीही असेल तर आधीच बंद करा. जखम भरणं त्याने खरोखर लांबतं.

६. घर तयार करा, दाखल होण्याच्या आधी

आम्ही इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. कुबड्यांवर चव्वेचाळीस पायऱ्या कशा चढायच्या, हा प्रश्न मला डिस्चार्जच्या दिवशी पडला. तुम्ही तो आधी सोडवा. तळमजल्यावर कुणाकडे दोन आठवडे राहता येत असेल तर उत्तम. नाहीतर पायरीवर पाठमोरं बसा, दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकवा आणि चांगल्या पायाने रेटत एकेक पायरी वर सरका. माझा मुलगा स्लॅबखाली हात धरून पुढ्यात होता, सासूबाई मागून पायऱ्या मोजत होत्या. वीस मिनिटं लागली, पण पाय एकदाही टेकला नाही.

बाथरूममध्ये प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची ठेवा, स्टुल नको. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. उकिडवं बसणं काही महिने जमणार नाही. ती भाड्यानेही मिळते, कुबड्याही मिळतात. पायपुसणी, सतरंज्या उचलून ठेवा. पाण्याची बाटली आणि औषधं ने-आण करायला खांद्याला अडकवायची पिशवी हवी, कारण कुबड्या धरल्या की हात उरत नाहीत.

कुबड्या आधीच आणून चांगल्या पायांनी सराव करा. काखेत आणि कुबडीत दोन-तीन बोटांचं अंतर हवं, भार पंजावर यायला हवा. काखेवर भार टाकला तर हाताला मुंग्या येतात.

७. ऑपरेशनचा दिवस

जेवण आधी सहा ते आठ तास बंद, पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतात. कोणत्या पायाचं ऑपरेशन आहे त्यावर पेनाने खूण करतात. ती केली की नाही बघा.

बहुधा पाठीतून भूल देतात. सुई टोचते तेवढंच, मग कमरेखालचं सगळं दुसऱ्याचं असल्यासारखं वाटतं. मांडीला आवळपट्टा लावतात. मला आवाज ऐकू येत होते, दुखत काहीच नव्हतं. भूल उतरायच्या आधीच दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन सुरू करायला सांगा. दुखणं पूर्ण चढल्यावर ते आवरायला वेळ लागतो. लघवी होत नसेल, किंवा उठून बसल्यावर डोकं ठणकतं आणि आडवं झाल्यावर थांबतं असं वाटलं, तर लगेच कळवा. पाठीतल्या भुलीनंतर हे होऊ शकतं आणि त्यावर उपाय असतात.

८. पहिले दोन आठवडे: पाय वर

या चौदा दिवसांचं काम एकच, पाय छातीपेक्षा वर ठेवणं. सोफ्यावर बसून स्टुलावर ठेवलेला पाय ‘वर’ नसतो. आडवं व्हा आणि खाली तीन उशा घ्या. पाय खाली सोडला की मिनिटभरात स्लॅबच्या आत रक्त धावत खाली आल्यासारखा ठणका लागतो. त्यावरूनच समजतं, किती वेळ उठायचं ते.

पाय जमिनीला टेकवायचा नाही. काही सर्जन, विशेषतः टेप टाकली असेल तर, लवकर भार देऊ देतात. शेजारणीच्या भाच्याला सहाव्या दिवशी चालवलं म्हणून तुम्ही चालू नका. बोटं दर तासाला हलवा, गुडघा सरळ ठेवून मांडी आवळा, पाय सरळ उचला. स्लॅबमध्ये खाज सुटली तरी विणायची सुई आत घालू नका.

पाय वर ठेवूनही दुखणं वाढतच असेल, बोटं गार किंवा निळी पडली असतील, ताप आला असेल, स्लॅबमधून घाण वास किंवा स्राव येत असेल, तर रात्र असली तरी फोन करा. पोटरी दुखून ताठ झाली असेल तरीही. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जा, कारण पोटरीत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. कापूस उलगडला तेव्हा मला माझा पाय ओळखू आला नाही. पोटरी मनगटासारखी बारीक, त्वचा कोरडी, पिवळट, पापुद्रे सुटलेली, आणि घोट्याच्या हाडापुढे बोटाएवढी वाकडी रेघ. पावलाच्या वरच्या भागात एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा बधिर होती. तिथून जाणारी बारीक नस दुखावली की असं होतं. माझी बधिरता सात-आठ महिन्यांत बरीच ओसरली. डॉक्टरांना दाखवा, पण घाबरून जाऊ नका.

९. बुटापासून चालण्यापर्यंत

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बहुधा चालायचा बूट असतो आणि भार हळूहळू वाढवतात. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. घोटा वर-खाली हलवायला परवानगी मिळते, आत वळवायला नाही.

इथे आपल्या घरांतला सगळ्यात मोठा धोका येतो, आणि तो मला कुणीही सांगितला नव्हता: मांडी घालणं. मांडी घातली की पाऊल खाली ताणलं जातं आणि आत वळतं, म्हणजे नेमकी तीच स्थिती ज्यात लिगामेंट फाटतं. पाचव्या आठवड्यात घरी सत्यनारायण होता. मी बूट काढून सवयीने पाटावर बसले, आणि घोट्याच्या बाहेर सुरी फिरल्यासारखं झालं. नशिबाने टाका तुटला नाही. निदान तीन महिने, आणि फिजिओ हो म्हणेपर्यंत, मांडी, वज्रासन, पंगतीत खाली बसणं बंद. पूजेला खुर्चीवर बसलं तर देव रागावत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे प्रत्येक पाहुण्यापुढे समजावत बसावं लागत नाही. झोपेतही पाऊल आत वळतं, म्हणून सांगितलं असेल तोवर रात्रीही बूट किंवा ब्रेस काढू नका.

फिजिओ निवडताना एक बघा: ते तुमच्याकडून व्यायाम करून घेतात की मशीन लावून निघून जातात? शेकाने बरं वाटतं, पण पाय बळकट होत नाही. सहा आठवड्यांनंतर रबरी पट्ट्याला अडकवून पाऊल बाहेर रेटणं, टाचा उचलणं, एका पायावर तोल, हे रोज घरी झालं पाहिजे. आठवड्यातून दोनदा क्लिनिकला जाऊन बाकीचे दिवस आराम केला तर पुढे सरकत नाही. मी पुन्हा ओट्यापाशी, चहाच्या पातेल्यासमोर उभी राहिले.

उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर बूट निघून, अचानक करकचून ब्रेक दाबता येईपर्यंत कार चालवू नका. गिअरच्या मोटरसायकललाही मागचा ब्रेक उजव्याच पायाने असतो. दुचाकीवर सिग्नलला कोणता पाय टेकवता, तेही आठवून बघा.

१०. तिसऱ्या महिन्यानंतर

तिसऱ्या महिन्यात बहुतेकांचा धीर सुटतो. चालता येतं, पण संध्याकाळी घोटा सुजतो, सकाळची पहिली दहा पावलं लंगडी पडतात. मला वाटलं, ऑपरेशन फसलं. ही सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते. बाहेरचं सगळं भरलेलं दिसतं, आत काम चालूच असतं.

चालायला गोल्फ क्लब मैदानाचा ट्रॅक चांगला, सपाट आणि बसायला जागा असलेला. गोदाघाटाच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या पहिलं वर्ष तरी टाळा. सिटीलिंकच्या बसमधून गाडी पूर्ण थांबल्यावर, दांडा धरून उतरा.

हळू पळणं साधारण तीन-चार महिन्यांनी, सरळ रेषेत. उड्या, झटकन वळणं, बॅडमिंटन, कबड्डी हे चार ते सहा महिन्यांनंतर. पण कॅलेंडरपेक्षा पायाला विचारा: एका पायावर टाच उचलणं, एका पायावर उडी, डोळे मिटून तोल, हे दोन्ही पायांनी जवळपास सारखं जमतंय का? जमत नसेल तर सहा महिने होऊनही खेळ लांबणीवर टाका.

पाचव्या महिन्यात मी ब्रेस बांधून पांडवलेणीच्या पायऱ्या चढले. चढताना काही वाटलं नाही. उतरताना पहिल्याच वळणावर पाय कापले, कारण अंजनेरीलाही मी उतरतानाच पडले होते. मुलाला पुढे चालायला सांगितलं आणि कडेचा आधार धरून, दर वीस पायऱ्यांना थांबत खाली आले. घरी आल्यावर पंधरा मिनिटं बर्फ लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या दोन्ही घोटे शेजारी ठेवून पाहिले. हा फिजिओने दिलेला नियम आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं आदल्या सकाळपेक्षा वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी निम्मंच करायचं, नसेल तर थोडं वाढवायचं. त्या सकाळी दोन्ही घोट्यांची हाडं सारखीच उठून दिसत होती. पुढच्या रविवारी मी वरच्या लेण्यापर्यंत गेले.